पडद्यावरचे माजघर : विनोदी मालिकांतील कलावंत आणि त्यांच्या खाजगी आयुष्याविषयीचे कुतूहल

१. प्रश्न नेमका कोणता?

टिपरे आबांचे काम करणारे नट घरीही तसेच मिस्कील असतील का? मालिकेत सतत भांडणाऱ्या सासू-सुनेचे प्रत्यक्षात पटत असेल का? सगळ्या महाराष्ट्राला हसवणारा माणूस स्वतःच्या घरात हसत असेल का? विनोदी मालिका पाहिल्या जातात त्या बहुतेक घरांत हे प्रश्न कधी ना कधी निघतात, आणि बीड जिल्ह्यातील एखाद्या गणेश मंडळाने किंवा शिक्षण संस्थेने मालिकेतील कलावंताला पाहुणे म्हणून बोलावले की त्यांच्या अभिनयापेक्षा त्यांच्या लग्नाची, मुलांची आणि स्वभावाची चौकशी अधिक होते. ही चौकशी करणारी माणसे सहसा भोचक नसतात. आपल्या ओळखीच्या माणसाचे कुशल विचारावे तशाच भावनेने ती बोलत असतात. ज्यांना आपण एकदाही भेटलेलो नाही ते आपल्या ओळखीचे आहेत असे वाटावे, हेच या कुतूहलाचे मूळ कोडे आहे आणि या प्रकरणात ते पायरीपायरीने उलगडायचे आहे.

त्यासाठी प्रथम ‘सिटकॉम’ म्हणजे काय ते पाहू. ज्या मालिकेत तीच माणसे, तेच घर किंवा तीच चाळ आठवड्यामागून आठवडे दिसत राहते, प्रत्येक भागात एखादा नवा घोटाळा उभा राहतो आणि भाग संपेपर्यंत सारे पुन्हा पूर्वपदावर येते, अशा प्रसंगनिष्ठ विनोदी मालिकेला सिटकॉम म्हणतात. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि त्याच दशकाच्या उत्तरार्धात चिं. वि. जोशी यांच्या कथांवर आधारलेल्या ‘चिमणराव’ मालिकेने दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांना चिमणराव व गुंड्याभाऊ म्हणून घरोघर पोहोचवले. १९८४ मध्ये ‘ये जो है जिंदगी’, १९९४ मध्ये ‘श्रीमान श्रीमती’ आणि ‘तू तू मैं मैं’, १९९५ मध्ये ‘हम पाँच’ या हिंदी मालिका आल्या आणि त्यांत रीमा लागू, अशोक सराफ, सुप्रिया पिळगावकर हे मराठी कलावंत देशभर परिचित झाले. २००१ पासून ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ने मराठी वाहिन्यांच्या काळातील कुटुंबविनोदाचा एक मापदंड घालून दिला. मराठवाड्याच्या या भागात ही चित्रे दीर्घकाळ अंबाजोगाईजवळच्या दूरदर्शनच्या उच्च शक्तीच्या प्रक्षेपण केंद्रातून आणि गच्चीवरच्या अँटेनातून येत होती, पुढे केबल आणि डिश आली, आणि आता दिवाळीनंतर ऊसतोडीला निघणाऱ्या कुटुंबांबरोबर ती मोबाइलमधून थेट फडापर्यंत जातात.

२. न भेटता ओळख कशी होते?

ओळखीचा पहिला घटक पुनरावृत्ती हा आहे. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ मध्ये असे दाखवून दिले की एखादी गोष्ट वारंवार डोळ्यांपुढे येत राहिली, तर दुसरे कोणतेही कारण नसतानाही ती हळूहळू आवडू लागते. अनोळखी चेहरा दहाव्यांदा दिसला की तो पहिल्या वेळेइतका परका राहत नाही. सिटकॉमची रचनाच या पुनरावृत्तीवर उभी असते, कारण तिच्यात माणसे बदलत नाहीत, त्यांच्या लकबी बदलत नाहीत आणि घरातील खुर्चीची जागादेखील सहसा बदलत नाही.

हे प्रमाण किती मोठे होते, ते एका काल्पनिक हिशेबावरून कळेल. समजा एखादी मालिका आठवड्यातून दोनदा लागते, प्रत्येक भाग २२ मिनिटांचा आहे आणि ती पाच वर्षे चालते. वर्षाचे १०४ याप्रमाणे पाच वर्षांत ५२० भाग होतात आणि त्यांची ११,४४० मिनिटे म्हणजे सुमारे १९० तास भरतात. आता त्याच प्रेक्षकाचा एक मामा पुण्यात राहतो, तो वर्षातून दोनदा गावी येतो आणि प्रत्येक वेळी त्याच्याशी निवांत चार तास बोलणे होते असे धरले, तर पाच वर्षांत त्याच्या वाट्याला ४० तास येतात. म्हणजे रक्ताच्या नात्यातील मामापेक्षा पडद्यावरचा माणूस त्या घरात जवळजवळ पाचपट वेळ बसलेला असतो, तोही कधी उसने न मागता आणि कधी रुसून न जाता.

दुसरा घटक या सहवासाच्या स्वरूपाशी निगडित आहे. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या अमेरिकी अभ्यासकांनी १९५६ मध्ये, दूरचित्रवाणी तिथेही नवीच असताना, एक निबंध लिहून असे मांडले की पडद्यावरील व्यक्ती आणि प्रेक्षक यांच्यात समोरासमोरच्या ओळखीसारखेच वाटणारे, पण एकाच बाजूने चालणारे नाते तयार होते. प्रेक्षकाला कलावंताचे हसणे, चिडणे, अडखळणे सारे ठाऊक असते, कलावंताला मात्र तो प्रेक्षक अस्तित्वात आहे हेही ठाऊक नसते. या नात्याला येथे ‘एकतर्फी ओळख’ म्हणू. असे नाते जोडणारा प्रेक्षक भाबडा किंवा एकाकीच असतो असे समजण्याचे कारण नाही, कारण माणसाच्या मनाची घडण समोर दिसणाऱ्या चेहऱ्याला प्रतिसाद देण्याची आहे आणि तो चेहरा काचेमागे आहे म्हणून ती बंद पडत नाही.

३. सिटकॉममध्येच हे अधिक का घडते?

एकतर्फी ओळख वृत्तनिवेदकाशी किंवा क्रिकेटपटूशीही होते. पण विनोदी मालिकेतील ओळख अधिक खोल जाते, याचे कारण मालिका कुठे घडते त्यात दडलेले आहे. मराठवाड्यातील जुन्या वाड्यात आल्यागेल्याला ढाळजेत बसवण्याची रीत होती. तिथे पानसुपारी होई, देण्याघेण्याच्या गोष्टी होत, पण माजघरात आणि स्वयंपाकघरात पाऊल टाकण्याची मुभा फक्त आपल्या माणसांना असे. बहुतेक कार्यक्रम प्रेक्षकाला ढाळजेपर्यंतच नेतात. सिटकॉम त्याला थेट माजघरात नेऊन बसवते, जिथे नवरा-बायकोचे खटके उडतात, दूध उतू जाते आणि पगार पुरत नाही. हे माजघर स्टुडिओत लाकडी चौकटी ठोकून उभारलेले असते हे प्रेक्षकाला कळत असते, तरीही माजघरात बसलेल्या माणसाला जो हक्क वाटतो तो हक्क त्याच्या मनात रुजतो. आणि एकदा तो रुजला की नेपथ्याच्या माजघरातून कलावंताच्या खऱ्या माजघरात डोकावण्याची इच्छा त्याला वावगी वाटत नाही.

४. भूमिका आणि माणूस यांची सरमिसळ

पुढची पायरी म्हणजे भूमिकेचे गुण माणसाला चिकटवणे. ली रॉस या मानसशास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये माणसाच्या विचारातील एका मूलभूत चुकीला नाव दिले. दुसऱ्याच्या वागण्याचे कारण शोधताना आपण परिस्थितीला फार कमी आणि स्वभावाला फार जास्त महत्त्व देतो, अशी ती चूक आहे. रांगेत कोणी खेकसला तर तो तिरसटच आहे असे आपण ठरवतो, त्याच्या घरी कोणी आजारी असेल ही शक्यता लक्षात घेत नाही. नटाच्या बाबतीत ‘परिस्थिती’ म्हणजे लेखकाने लिहिलेले संवाद आणि दिग्दर्शकाच्या सूचना. त्या पडद्यावर दिसत नाहीत, दिसतो तो फक्त नट, आणि म्हणून साऱ्या वागण्याचे श्रेय किंवा दोष त्याच्या स्वभावाकडे जातो.

याची उदाहरणे विनोदापुरती मर्यादित नाहीत. १९८७-८८ मध्ये ‘रामायण’ चालू असताना अरुण गोविल यांच्या पाया पडणारे लोक होते, आणि अमेरिकेत ‘मार्कस वेल्बी’ या मालिकेत डॉक्टरचे काम करणाऱ्या रॉबर्ट यंग यांना पहिल्या पाच वर्षांत सुमारे अडीच लाख पत्रे आली, ज्यांतील बहुतेकांत त्यांच्याकडे वैद्यकीय सल्ला मागितला होता. विनोदी भूमिकेत ही सरमिसळ अधिक सहज होते, कारण देवाचे किंवा डॉक्टरचे काम करणारा नट वेष बदलतो, सिटकॉममधला नट मात्र आपल्यासारखाच सदरा-पायजमा घालून आपल्यासारखेच बोलत असतो.

दिलीप प्रभावळकर यांची कारकीर्द या भ्रमावरचा चांगला उतारा आहे. त्यांचा जन्म १९४४ चा. म्हणजे २००१ मध्ये, नातवंडांशी मैत्री असलेल्या निवृत्त टिपरे आबांची भूमिका सुरू झाली तेव्हा ते ५७ वर्षांचे होते. ती मालिका त्यांच्याच ‘अनुदिनी’ या लेखनावर आधारलेली होती, म्हणजे आबांचा मिस्कीलपणा ही आधी कागदावर घडवलेली गोष्ट होती. त्याच नटाने ‘झपाटलेला’ (१९९३) चित्रपटात तात्या विंचू हा क्रूर खलनायक उभा केला आणि ‘लगे रहो मुन्नाभाई’ (२००६) मध्ये महात्मा गांधी साकारून राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. आबा हे त्यांच्या स्वभावाचे प्रतिबिंब मानायचे असेल तर तात्या विंचूलाही तोच न्याय लावावा लागेल, आणि तसे कोणी करत नाही. आवडलेली भूमिका तेवढी खरी आणि नावडती भूमिका अभिनय, अशी निवड प्रेक्षक नकळत करत असतो.

मोबाइलने ही सरमिसळ वाढवली आहे. अर्ध्या तासाचा भाग पाहणाऱ्याला नामावली दिसते, लेखक-दिग्दर्शकाचे नाव दिसते, कथेचे कारण समजते. पण त्यातून कापलेला चाळीस सेकंदांचा तुकडा हाती आला की भूमिकेचे नावही गळून पडते आणि उरते ते नटाचे नाव व त्याचे ते वागणे.

५. नकली घरात खरे जोडपे

पडद्यावरचे आणि पडद्यामागचे घर मुद्दाम एकमेकांत मिसळले जाते तेव्हा कुतूहलाला व्यवसायाचे बळ मिळते. याचा एक मोठा प्रयोग अमेरिकेत १९५१ मध्ये सुरू झालेल्या ‘आय लव्ह लूसी’ या मालिकेने केला. ल्युसील बॉल आणि देसी आर्नाझ हे प्रत्यक्षातील पती-पत्नी तिथे पती-पत्नीच झाले होते; बॉल गरोदर राहिल्या तेव्हा ती गोष्ट लपवण्याऐवजी कथानकात घेतली गेली, आणि १९ जानेवारी १९५३ रोजी मालिकेतील लूसीला मुलगा झाला त्याच दिवशी बॉल यांनीही मुलाला जन्म दिला. तो भाग सुमारे ४ कोटी ४० लाख लोकांनी पाहिला. पुढे १९६० मध्ये या जोडप्याचा घटस्फोट झाला, तेव्हा असंख्य प्रेक्षकांना आपल्याच घरातील संसार मोडल्यासारखे वाटले असेल तर नवल नाही, कारण त्या संसाराचे बारसे त्यांच्याच बैठकीच्या खोलीत साजरे झाले होते.

मराठी कलावंतांत याचे सौम्य आणि अधिक टिकाऊ रूप दिसते. सचिन आणि सुप्रिया पिळगावकर यांचे लग्न १९८५ मध्ये झाले. ‘तू तू मैं मैं’मध्ये सुप्रिया सुनेच्या भूमिकेत होत्या, दिग्दर्शन सचिन यांचे होते आणि सासूच्या भूमिकेत रीमा लागू होत्या. रीमा यांचा जन्म १९५८ चा आणि सुप्रिया यांचा १९६७ चा, म्हणजे सासू सुनेहून केवळ नऊ वर्षांनी मोठी होती. तरीही ती जोडी इतकी पटली की १८ मे २०१७ रोजी रीमा यांचे निधन झाले तेव्हा या सासू-सुनेची आठवण पुन्हा पुन्हा निघाली. दरम्यान २००५ मध्ये सचिन-सुप्रिया यांनी ‘नच बलिये’ या स्पर्धेचे पहिले पर्व जिंकले. त्या कार्यक्रमात नृत्याइतकेच महत्त्व खऱ्या जोडप्यांच्या नात्याला होते, म्हणजे खाजगी सहजीवन हाच तेथे मंचावर मांडलेला माल होता.

येथे एक महत्त्वाचा भेद स्पष्ट होतो. पिळगावकर दांपत्याने स्वतःच्या संसारातील किती भाग दाखवायचा ते स्वतः ठरवले होते. अशोक सराफ यांनी ‘मी बहुरूपी’ या २०२२ च्या आत्मचरित्रात स्वतःविषयी जे सांगितले तेही त्यांनी निवडून सांगितले. खाजगी गोष्ट सार्वजनिक होणे आणि कलावंताने ती सार्वजनिक करणे या दोन वेगळ्या घटना आहेत, हे पुढील विवेचनासाठी लक्षात ठेवायला हवे.

६. हसवणाऱ्याचे दुःख लोकांना का हवे असते?

विनोदी कलावंतांबाबत कुतूहलाला आणखी एक धार असते. लोकांना त्यांच्या आयुष्यात दुःख सापडले की समाधान वाटते; हे समाधान दुष्टपणाचे नसते, तर हास्यामागे काहीतरी दडलेले असणारच या समजुतीला पुरावा मिळाल्याचे असते. मराठी रंगभूमीवर ही ओढ मालिकांच्या कितीतरी आधीची आहे. १२ मार्च १९११ रोजी ‘मानापमान’चा पहिला प्रयोग होता आणि त्याच दिवशी बालगंधर्वांची मुलगी वारली, तरीही ते रंगमंचावर उभे राहिले. ही हकीकत शंभर वर्षांहून अधिक काळ सांगितली जाते, आणि ज्यांनी त्यांचे एकही नाट्यगीत पूर्ण ऐकलेले नाही त्यांनाही ती ठाऊक असते. लक्ष्मीकांत बेर्डे यांचे १६ डिसेंबर २००४ रोजी, वयाची पन्नाशी गाठण्याच्या टप्प्यावर निधन झाले. त्यानंतर त्यांच्या चित्रपटांतील विनोद पाहतानाही त्यांच्या अखेरच्या दिवसांची चर्चा त्यात येऊन मिसळू लागली.

याची दुसरी बाजू अशी की हसवणाऱ्याच्या घरातील साधा मतभेदही लोकांना विश्वासघातासारखा वाटू शकतो. सुनीता देशपांडे यांचे ‘आहे मनोहर तरी’ हे पुस्तक १९९० मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यांचे पती पु. ल. देशपांडे हे महाराष्ट्राचे सर्वांत लाडके विनोदकार होते. एका बुद्धिमान स्त्रीने आपल्या सहजीवनाचा प्रांजळ ताळेबंद मांडला होता, पण वाचकांतील एका वर्गाला आपल्या मनातील पु. लं.ना धक्का लागल्यासारखे वाटले आणि पुस्तकावर दीर्घकाळ वाद झाला. धक्का बसला तो पु. लं.ना नव्हे, वाचकांनी एकतर्फी ओळखीतून घडवलेल्या पु. लं.ना. जिच्याजवळ प्रत्यक्षाची दोन्ही बाजूंची ओळख होती तिलाच, फक्त पुस्तके आणि ध्वनिफिती यांच्यावरून ओळख झालेले लोक, तिचा नवरा कसा होता ते सांगू पाहत होते.

या ओढीमागचे एक व्यापक कारण उत्क्रांतीचे अभ्यासक रॉबिन डनबार यांनी सुचवले आहे. माणसाच्या संभाषणाचा सुमारे दोन तृतीयांश भाग इतर माणसांविषयी आणि नात्यांविषयी असतो असे त्यांच्या निरीक्षणात आढळले, आणि माकडे एकमेकांच्या केसांतील उवा वेचून जसे कळपातील संबंध टिकवतात तसे माणसे बोलून, म्हणजे बरेचदा कुचाळक्या करून टिकवतात, असे त्यांचे म्हणणे आहे. पूर्वी अशा बोलण्याचा विषय गावातील माणूस असे. आता आष्टीतील आणि नागपुरातील दोन अनोळखी माणसे रेल्वेच्या डब्यात भेटली तर त्यांच्या सामाईक ओळखीचे असे मालिकेतील कलावंतच असतात. त्यांच्याविषयी बोलून त्या दोघांची मैत्री जुळते, आणि ज्याच्याविषयी बोलले जाते त्याचा तेथे पत्ताही नसतो.

७. ओळख दोन्ही बाजूंनी असते तेव्हा

एकतर्फी ओळख म्हणजे काय हे तिच्या उलट बाजूवरून अधिक स्पष्ट होते, आणि ती उलट बाजू बीड जिल्ह्यात सहज सापडते. लक्ष्मण देशपांडे यांनी अजरामर केलेला ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ हा एकपात्री प्रयोग पुढे नेणारे संदीप पाठक हे माजलगावचे, आणि ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (२००९) या चित्रपटात दादासाहेब फाळके साकारणारे नंदू माधव हे गेवराईचे. मुंबई-पुण्याच्या प्रेक्षकाला हे दोघे भूमिकांमधून ठाऊक असतात, तर त्यांच्या गावातील जुन्या माणसांना ते आधी गावातील मुले म्हणून आणि नंतर नट म्हणून ठाऊक असतात.

या दोन ओळखींत माहिती कोणाकडे जास्त आहे हा फरक गौण आहे. खरा फरक परतफेडीचा आहे. गावातील माणूस नटाच्या घरच्या गोष्टीविषयी वावगे बोलला तर उद्या बाजारात त्या घरातील कोणीतरी त्याला जाब विचारू शकते, शिवाय नटालाही त्या माणसाच्या घरातील दोन गोष्टी ठाऊक असतात. हा परस्परांवरचा अंकुश गावगप्पांना काही प्रमाणात आवरून धरतो. एकतर्फी ओळखीत असा अंकुश नसतो. बोलणारे हजारो असतात, त्यांना नाव नसते, आणि ज्याच्याविषयी बोलायचे तो एकटा व उजेडात असतो.

८. कुतूहल हत्यार होते तेव्हा

हा असमतोल कोणत्या टोकाला जाऊ शकतो हे डिसेंबर २०२४ मध्ये बीडच्याच निमित्ताने दिसले. ९ डिसेंबर रोजी केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली आणि जिल्ह्यातील गुन्हेगारी व राजकारण यांच्या संबंधांवर राज्यभर संताप उसळला. त्या वातावरणात आष्टीचे आमदार सुरेश धस यांनी परळीतील राजकीय कार्यशैलीवर टीका करताना काही अभिनेत्रींची नावे घेतली, त्यांत ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ या विनोदी कार्यक्रमाच्या सूत्रसंचालक प्राजक्ता माळी यांचेही नाव होते. माळी यांनी पत्रकार परिषद घेऊन या उल्लेखाचा निषेध केला, परळीतील एका सत्काराच्या कार्यक्रमात तेथील नेत्याशी झालेल्या एकमेव भेटीचे छायाचित्र दाखवून अफवा पसरवल्या जात असल्याचे सांगितले, राज्य महिला आयोगाकडे तक्रार केली आणि मुख्यमंत्र्यांचीही भेट घेतली. त्यानंतर धस यांनी दिलगिरी व्यक्त केली.

या घटनेकडे प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने पाहिले तर मागील सर्व पायऱ्या एकत्र दिसतात. हास्यजत्रेमुळे माळी यांचा चेहरा घराघरांत परिचित होता, म्हणून त्यांच्या नावाने लक्ष वेधले जाणार हे उघड होते. छायाचित्र हा संदर्भातून कापलेला तुकडा होता आणि त्यातून हवी ती गोष्ट रचता येत होती. आणि ज्यांनी ती गोष्ट पुढे पाठवली त्यांना जाब विचारण्याची कोणतीही सोय नव्हती. माळी यांनी उपस्थित केलेला एक प्रश्न विशेष विचार करण्याजोगा आहे: परळीच्या कार्यक्रमांना पुरुष कलाकारही येतात, मग त्यांची नावे का घेतली गेली नाहीत? याचे उत्तर कुतूहलाच्या लिंगभेदात आहे. पुरुष विनोदी नटाविषयी लोक त्याच्या व्यसनाची, पैशाची, आजाराची चौकशी करतात. स्त्री कलावंताविषयीची चौकशी मात्र फिरून फिरून चारित्र्यापाशी येते, आणि चारित्र्यावरचा संशय खोटा ठरवण्यासाठी पुरावा देणे जवळपास अशक्य असते, कारण जे घडलेच नाही ते घडले नाही हे दाखवणार कसे? एका खुनाच्या न्यायासाठी पेटलेल्या चर्चेत काही दिवस एका सूत्रसंचालिकेचे खाजगी आयुष्य अग्रभागी आले, यावरून या कुतूहलाला गंभीर विषयही बाजूला सारण्याची ताकद असते हे ध्यानात येते.

९. कायदा कुठे रेघ ओढतो?

भारतीय कायद्यात या विषयावरचा पायाभूत निकाल एका कैद्याच्या आत्मचरित्रावरून झाला. तमिळनाडूतील ‘नक्कीरन’ नियतकालिकाला ‘ऑटो शंकर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गुन्हेगाराचे आत्मकथन छापायचे होते. त्या वादात सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये सांगितले की प्रत्येक नागरिकाला स्वतःचे कुटुंब, विवाह, मातृत्व अशा गोष्टींबाबत निवांत राहू दिले जाण्याचा अधिकार आहे आणि त्याच्या संमतीवाचून त्याविषयी छापता येत नाही. याला अपवादही सांगितले गेले. न्यायालयीन व अन्य सार्वजनिक अभिलेखांत नोंदलेली गोष्ट छापता येते, सार्वजनिक पदावरील व्यक्तीच्या कर्तव्याशी संबंधित वर्तनावर लिहिता येते, आणि जो स्वतःहून वादात उतरतो किंवा वाद ओढवून घेतो त्याची स्थिती वेगळी असते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे एकमताने जाहीर केले.

अलीकडे यात आणखी एका संकल्पनेची भर पडली आहे, तिला व्यक्तिमत्त्वाचा अधिकार म्हणतात. म्हणजे आपले नाव, आवाज, चेहरा आणि ओळखीच्या लकबी दुसऱ्याने परवानगीवाचून धंद्यासाठी वापरू नयेत असा अधिकार. २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अनिल कपूर यांच्या बाजूने असा अंतरिम आदेश दिला आणि त्यात त्यांच्या ‘झकास’ या खास उद्गारालाही संरक्षण मिळाले. संगणकाने बनवलेली खोटी चित्रे आणि खोटे आवाज सर्रास फिरू लागल्यावर हा अधिकार विनोदी कलावंतांसाठी विशेष महत्त्वाचा झाला आहे, कारण ज्याची नक्कल सर्वांत सहज ओळखू येते त्याचीच नक्कल सर्वांत जास्त केली जाते.

१०. प्रेक्षकाने मर्यादा कशी ठरवावी?

कायदा छापणाऱ्याला आणि विकणाऱ्याला आवर घालू शकतो, घरात बसून बोलणाऱ्याला नाही. तसा तो घालावा असेही कोणी म्हणणार नाही. म्हणून प्रेक्षकाने स्वतःला विचारण्याजोगे तीन प्रश्न येथे मांडले आहेत. पहिला, ही माहिती कलावंताने स्वतः सांगितली आहे का? दुसरा, तिचा त्याच्या कामाशी किंवा एखाद्या सार्वजनिक जबाबदारीशी संबंध आहे का? आणि तिसरा, ती खोटी निघाली तर तिची किंमत कोण मोजणार?

हे प्रश्न वर आलेल्या उदाहरणांना लावून पाहता येतात. ‘नच बलिये’तील सचिन-सुप्रिया यांच्याविषयी बोलण्यात काही गैर नाही, कारण पहिल्याच प्रश्नाचे उत्तर होकारार्थी येते. ‘आहे मनोहर तरी’वर मतभेद व्यक्त करणेही योग्यच, कारण ते लेखिकेने प्रसिद्ध केलेले साहित्य आहे, मात्र पुस्तकाबाहेर जाऊन त्या घरातील न लिहिलेल्या गोष्टींचा अंदाज बांधणे पहिल्या दोन्ही प्रश्नांवर अडते. एखाद्या नटावर सहकाऱ्याला छळल्याचा किंवा निर्मात्याला फसवल्याचा गुन्हा नोंदला गेला, तर पहिल्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असूनही दुसऱ्याचे होकारार्थी येते, त्यामुळे लोकप्रिय भूमिकेची ढाल पुढे करून ती चर्चा दडपता येणार नाही. परळीच्या छायाचित्रावरून रचलेली गोष्ट मात्र तिन्ही प्रश्नांवर नापास होते.

या तिन्हींत तिसरा प्रश्न सर्वांत उपयोगी आहे, कारण तो एकतर्फी ओळखीच्या मुळालाच हात घालतो. दोन ओळखीच्या माणसांत गैरसमज झाला तर दोघेही तो निस्तरतात. एकतर्फी ओळखीतील गैरसमजाचा सारा खर्च एकाच बाजूला पडतो, कारण कलावंताला खुलासा द्यायचा असतो तो लाखोंना आणि त्यातील एकालाही तो ओळखत नसतो. ज्या बाजूला काहीच गमवावे लागत नाही तिनेच संयम पाळायचा, हा व्यवहार वरकरणी उलटा वाटतो. पण थांबण्याची शक्ती याच बाजूला असल्यामुळे जबाबदारीही तिच्याकडेच येते. टिपरे आबा घरी कसे असतील असे कुतूहल वाटण्यात काही चूक नाही, त्या भूमिकेच्या यशाचीच ती पावती आहे. त्याचे उत्तर मिळवण्याचा हक्क मात्र त्या कुतूहलातून निर्माण होत नाही, आणि एवढा भेद सांभाळणारा प्रेक्षक मालिकेचा आनंद काहीही न गमावता पूर्ण घेऊ शकतो.